पाठशाळेच्या पत्त्याचा लिलाव

श्रावणातल्या एका सकाळी पूजा आटोपून मी नैवेद्याच्या पानाची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा गंगापूर रोडवरच्या एका यजमानीणबाईंचा दूरध्वनी आला. "गुरुजी, तुमच्या पुस्तिकेवरचा तो काळा चौकोन उघडत नाहीये. काहीतरी इंग्रजीत येतंय, मुदत संपली म्हणून. माझ्याच फोनचं काही बिघडलंय का?"

मी त्यांना म्हटले, "पाहून सांगतो," आणि स्वतःच्या फोनवर तो चौकोन उघडून पाहिला. बाईंच्या फोनचे काही बिघडले नव्हते.

आमची पाठशाळा म्हणजे पंचवटीतल्या आमच्या घराची पुढची खोली. पहाटे संथा घ्यायला विद्यार्थी येतात, संध्याकाळी नोकरीवाले गृहस्थ स्तोत्रे शिकायला येतात. काही वर्षांपूर्वी आम्ही तर्पणविधीची एक लहानशी पुस्तिका छापली. गोदावरीच्या काठावर येणे ज्यांना वयामुळे किंवा नोकरीमुळे जमत नाही, त्यांनी पितृपक्षात घरीच तर्पण करावे, असा तिचा हेतू. नुसते वाचून उच्चार साधत नाहीत, म्हणून शेवटच्या पानावर क्यूआर कोड छापला. तो फोनने टिपला की पाठशाळेची वेबसाइट उघडे आणि माझ्या आवाजातला विधी सुरू होई. एकेक वाक्य मी म्हणतो, आणि यजमानाने आपल्या गोत्राचा व पितरांचा उच्चार करावा यासाठी तिथे थोडा थांबतो. ही पुस्तिका किती घरांत गेली याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. शिष्यांनी ती आपापल्या यजमानांना दिली, यजमानांनी नातलगांना दिली. देव्हाऱ्याच्या खणात पंचांगाशेजारी ती ठेवलेली असते, आणि भाद्रपद वद्य पक्ष लागला की बाहेर निघते.

वेबसाइटचे सारे काम माझ्या पुतण्याकडे होते. तो एकलहऱ्याला वीजकेंद्रात अभियंता होता, आता सेवानिवृत्त आहे. मी त्याला बोलावले. त्याने चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ संगणकात पाहिले आणि मग चष्मा काढूनच ठेवला.

"काका, नाव गेलंय. म्हणजे पूर्ण गेलं नाही अजून, पण जायच्या वाटेवर आहे."

वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते कायमचे कोणाच्या मालकीचे नसते हे मला त्या दिवशी कळले. ते मुदतीवर मिळते. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. न केल्यास काही काळ ते जुन्या धारकासाठी राखून ठेवतात, मग मोकळे करतात, आणि मोकळे झाल्या क्षणी जगातला कोणीही ते घेऊ शकतो. पुतण्याने नाव नोंदवले तेव्हा आपल्या कार्यालयीन ईमेलचा पत्ता दिला होता, कारण त्या वेळी त्याच्याकडचा तोच एक पक्का पत्ता होता. सेवानिवृत्तीनंतर तो ईमेल रीतीप्रमाणे बंद झाला. नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्या बंद दारावर थडकत राहिली असणार.

"मग आता पैसे भरून टाक," मी म्हणालो.

"भरायला आत शिरता यायला हवं ना. आत शिरायला ओटीपी लागतो, आणि तो त्याच ईमेलवर जातो."

त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अत्यंत आर्जवाने बोलत होती, पण तिचे उत्तर एकच होते, की विनंती नोंदणीतल्या ईमेलवरूनच यायला हवी. आम्ही ओळखपत्रे पाठवली, पुस्तिकेच्या पानाचे छायाचित्र पाठवले, पुतण्याने आपल्या सेवानिवृत्तीचा आदेशही जोडला. "आपली विनंती विचाराधीन आहे" असे उत्तर आले. तिचा विचार चालू असतानाच राखीव काळ संपून गेला.

त्या दिवसांत मला एक सवय लागली. प्रातःसंध्या झाली की मी पुतण्याने दाखवलेल्या एका पानावर जाऊन आमचे नाव टंकित करीत असे. नाव उपलब्ध आहे की नाही हे ते पान सांगते. रोज उत्तर येई, "उपलब्ध नाही." आजारी माणसाच्या उशाशी बसून श्वास चालू आहे ना हे पाहावे, तसे ते मला वाटे. नाव अजून कोणाच्या हाती गेलेले नाही, पण आपल्याही हाती नाही.

"इतक्यांदा शोधू नका काका," पुतण्या म्हणाला. "कोणी पाळत ठेवून असला तर त्याला वाटेल, या नावाला गिऱ्हाईक आहे."

"कोण पाळत ठेवील? तर्पणाच्या नावाचं कोणाला काय पडलंय?"

त्यावर त्याने मला एक जुना पत्ता उघडून दाखवला. तो कधीकाळी एका मंगल कार्यालयाचा होता. तिथे आता पत्त्यांचा जुगार होता, फिरती चाके होती, आणि अर्धवस्त्र तरुणी हाताने खुणावीत होत्या. पान उघडताच ढोलाचा कर्कश आवाज सुरू झाला. "अशी नावं हे लोक मुद्दाम धरतात. जुन्या नावावर लोक आपोआप येत राहतात ना, म्हणून," तो म्हणाला.

मी ते पान बंद करायला सांगितले. पण डोळ्यांसमोरून ते हलेना. एखादे वृद्ध गृहस्थ स्नान करून, बोटात दर्भाचे पवित्रक घालून, ताम्हनात काळे तीळ घेऊन दक्षिणेकडे तोंड करून बसले आहेत. सून फोन हातात घेऊन पुस्तिकेवरचा चौकोन टिपते आहे. आणि वडिलांचे नाव घेण्याच्या त्या क्षणी ढोल वाजू लागतो. पुस्तिकेवर माझे नाव आहे. माझ्या शब्दावर विसंबून ते घर त्या पानावर जाणार होते. पितृपक्ष लागायला फारसे दिवस उरले नव्हते.

पुतण्याने उपाय सांगितला. नावे मोकळी होताच ती पकडून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्याकडे आगाऊ मागणी नोंदवायची, आणि नाव सुटले की निमिषार्धात त्यांची यंत्रे ते धरतात. आम्ही मागणी नोंदवली. पुतण्याने एक अट घातली, "कोणाला बोलू नका. शिष्यांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. बातमी फुटली की भाव चढतो."

मी गप्प राहिलो. यजमानांचे फोन येत, त्यांना मी सांगे की दुरुस्ती चालू आहे. हे असत्य नव्हते, तरी सांगताना जीभ जड होई. गणपतीच्या दिवसांत मी घरोघर प्राणप्रतिष्ठेला जात होतो. लोक पाया पडत, आणि निघताना विचारत, "गुरुजी, पितृपक्षाच्या आत सुरू होईल ना?"

"प्रयत्न चालू आहे," मी म्हणे.

गौरीपूजनाच्या दिवशी पुतण्या धावत आला. कंपनीने आमचे नाव पकडले होते. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्या हातावर पुरणपोळीचा तुकडा ठेवला. तो त्याने तोंडात घातला नाही.

"पण एक घोटाळा आहे, काकू. मागणी आपल्या एकट्याचीच नव्हती. आणखी एकानं नोंदवलीये. आता लिलाव होणार. आणि लिलाव सगळ्यांना खुला आहे."

वामनद्वादशीच्या संध्याकाळी लिलाव बंद होणार होता. शेवटच्या क्षणी कोणी बोली लावली तर घड्याळ आणखी थोडे पुढे सरकते, म्हणजे दुसऱ्याला उत्तर द्यायला अवसर मिळतो. पडद्यावर प्रतिस्पर्ध्याचे नाव दिसत नव्हते, केवळ काही अक्षरे आणि आकडे होते.

लिलाव सुरू झाला आणि माझे अन्न गोड लागेना. पुतण्या बोली लावी, आणि त्याने चहाचा कप खाली ठेवण्याआधी समोरून चढी बोली येई. विचार नाही, थबकणे नाही. जणू तो माणूस आमच्यावर डोळा ठेवूनच बसला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम काही करायचे नाही असे ठरवले, मग दुपारी अचानक एक मोठी बोली लावली. काही वेळ शांतता होती. मला वाटले, तो हटला. सायंकाळ होण्याआधी पुन्हा त्याचीच बोली वर.

"यंत्र असणार," पुतण्या म्हणाला. "जुगारवाल्यांची यंत्रं असतात, आपोआप चढवत जातात."

सौभाग्यवती दाराशी वाती वळीत बसल्या होत्या. लिलावाकडे त्यांचे लक्ष आहे हे आम्हाला ठाऊकही नव्हते. त्या म्हणाल्या, "यंत्र दुपारचं जेवून झोपतं का रे?"

"म्हणजे?"

"काल दुपारी तुम्ही बोली लावलीत, तर उत्तर चहाच्या वेळेला आलं. आणि रोज यांची संध्या चालू असते तेवढा वेळ तोही गप्प असतो. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. मी इथं बसून तुझ्या त्या डब्याचा 'टुंग' आवाज ऐकते ना. यांनी पळी खाली ठेवली की मग टुंग."

पुतण्या हसला. "काकू, म्हणजे जुगारवाला त्रिकाळ संध्या करतो म्हणायचं?"

"जुगारवाल्याचं मला माहीत नाही. पण हा कोणीतरी जेवणारा, झोपणारा आणि आचमन करणारा माणूस आहे. तुम्ही दोघं सुशिक्षित आहात, तुम्हीच काय ते बघा."

त्यांच्या बोलण्याने माझ्या मनात जो संशय आला, तो मी रात्रभर कोणाला सांगितला नाही. वामनद्वादशीला सकाळी पारणे झाले आणि मी पुतण्याची अट मोडली. शिष्यांच्या ग्रुपवर मी लिहिले की पाठशाळेच्या वेबसाइटचे नाव लिलावात आहे, आज सायंकाळी लिलाव बंद होतो, आणि आपल्यापैकी कोणी त्यावर बोली लावीत असेल तर त्याने तत्काळ मला फोन करावा.

फोन खाली ठेवेपर्यंत वाजला. देवळा गावचा माझा एक जुना शिष्य होता. विद्यार्थिदशेत आमच्याकडे राहून शिकला, आता गावात याज्ञिकी करतो आणि भावांबरोबर कांद्याचा व्यापारही पाहतो.

"गुरुजी, नमस्कार करतो. तो मीच हाय."

"कोण तू?"

"बोली लावणारा. मला काय माहीत पलीकडं तुम्ही हाय म्हणून! मला वाटलं कोणी भामटा शे. सोडायचाच नाय म्हटलं त्याला."

मी खुर्चीत बसलो. सौभाग्यवतींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि फोन लाऊडस्पीकरवर टाकायची खूण केली.

त्याची हकीकत अशी होती. श्रावणात एका यजमानाकडे वर्षश्राद्धाला गेला असताना त्याने पुस्तिकेवरचा चौकोन उघडला आणि मुदत संपल्याचे पान पाहिले. चौकशी करून त्याने आमच्यासारखीच आगाऊ मागणी नोंदवली.

"अरे, पण मला एक शब्द बोलायचास ना!"

तो घुटमळला. "गुरुदक्षिणा म्हणून द्यायचं होतं, गुरुजी. नाव न सांगता. तुम्हीच तर शिकवलं, दानाचा उच्चार झाला की दान उणं होतं. म्हटलं, गुपचूप घ्यावं आणि गुपचूप तुमच्या नावावर करून द्यावं. कोणी केलं ते कळायलाच नको."

"वा!" सौभाग्यवती म्हणाल्या. "गुपचूप देणारा तू, गुपचूप घेणारे हे. आणि मधल्या मधे गंमत बघणारी ती कंपनी."

"आई, तुम्ही पण ऐकताय का? मग मेलोच मी."

आम्ही सगळे हसलो. पुतण्याने एवढ्या दिवसांत प्रथमच पाठ टेकून चहा घेतला. त्या घडीला देवळ्याचीच बोली सर्वांत वर होती. ठरले असे, की आता कोणीही हात लावायचा नाही. सायंकाळी लिलाव बंद होईल, नाव शिष्याला मिळेल आणि तो ते पाठशाळेच्या नावावर करील. दोघांच्या प्रेमाने भाव वाजवीपेक्षा पुष्कळ वर गेला होता हे खरे, पण ते आता परत घेता येण्यासारखे नव्हते.

दुपार शांततेत गेली. सूर्य कलला. पुतण्या संगणकासमोर होता, देवळ्याचा शिष्य फोनवर होता, आणि मी सायंसंध्येसाठी पंचपात्री भरून आसन घालीत होतो. लिलाव संपायला अगदी थोडा अवकाश उरला होता. तेव्हा सौभाग्यवतींनी सांगितलेला तो 'टुंग' आवाज मी प्रथमच लक्ष देऊन ऐकला.

"लावलीस का तू?" पुतण्याने फोनवर विचारले.

"मी? नाय बा. तुम्ही लावली ना?"

पडद्यावर तिसरी अक्षरे आणि तिसरे आकडे आले होते. घड्याळ थोडे पुढे सरकले होते.

शिष्याने चटकन वर बोली लावली. लगेच उत्तर आले. त्याने पुन्हा लावली. पुन्हा उत्तर. आता दुपारची झोप नव्हती, आचमनही नव्हते.

"हा कुठून आला?" मी विचारले.

"बाजारात असंच असतं, गुरुजी," शिष्य म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, तो कांद्याच्या आवारातला झाला होता. "एका ट्रॉलीभोवती दोन मोठे व्यापारी हटून बसले, की तिसरा माल न बघताच बोली देतो. त्याला वाटतं, हे दोघं खुळे नाय, म्हणजे मालात कायतरी लय भारी हाय. आपणच बोलावलंय त्याला."

बाहेर उन्हाची शेवटची तिरीप समोरच्या भिंतीवरून सरकत होती. सायंसंध्येचा मुख्य काळ टळत होता. मी आसनावर बसलो नाही, संगणकापाशीही गेलो नाही. दोहोंच्या मध्ये उभा राहिलो.

"गुरुजी, लावू का? वेळ चाललीये."

"कुठपर्यंत लावशील?"

"तुम्ही फक्त हो म्हणा. चाळीत साठवलेला कांदा हाय अजून माझा. यंदाचा चाळीतला कांदा या नावाला दिला असं समजीन. मला काय कमी पडत नाय."

तो हे बढाईने बोलत नव्हता. मी हो म्हटले असते तर त्याने ते केले असते, आणि पुढे कधी उच्चारही केला नसता. म्हणूनच मला निर्णय लवकर करावा लागला. मी पुतण्याला विचारले, "तो पलीकडचा, या नावाचं काय करील?"

"एक तर जुगाराला देईल. नाहीतर आपल्यालाच परत विकायला येईल. आपण जितके चढू तितकं त्याला कळेल, आपला जीव यात किती अडकलाय ते."

"आणि आपण जिंकलो, तर पुढच्या मुदतीला?"

"मुदत आपण चुकवणार नाही, काका."

"ते नव्हे. या नावासाठी आपण काय काय देऊ शकतो, हे आता सगळ्यांना माहीत झालेलं असेल."

फोनमधून देवळ्याच्या रस्त्यावरची मोटारसायकल ऐकू आली आणि दूर गेली.

"गुरुजी," शिष्य हळू आवाजात म्हणाला, "फार थोडा वेळ हाय."

माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा ते घर आले. ताम्हन, तीळ, सुनेच्या हातातला फोन. त्या घराला वाचवण्यासाठीच हे सारे चालले होते, आणि ते घर वाचवायचा दुसरा मार्ग शोधायला मी अजून एक पाऊलही टाकलेले नव्हते. मी सगळा भार एका नावावर टाकला होता.

"थांब," मी म्हणालो. "बोली लावू नकोस."

"गुरुजी, असं नका करू."

"माझी आज्ञा आहे."

हा शब्द मी शिष्यांशी बोलताना सहसा वापरीत नाही. पुतण्या दोन्ही हात मांडीवर ठेवून, जणू ते आपोआप उठतील या भीतीने, घट्ट दाबून बसला. पडद्यावरचे घड्याळ उलटे मोजत होते. कोणीही आकडे मोठ्याने वाचले नाहीत. सौभाग्यवतींनी देवाजवळ दिवा लावला, आणि त्यांची पाठ वळलेली असतानाच पडद्यावर लिलाव संपल्याची अक्षरे आली.

"गेलं," पुतण्या म्हणाला.

फोनवर शिष्य रडत होता की काय, मला कळले नाही. तो एवढेच म्हणाला, "मी लावायला पायजे होती, तुम्हाला न विचारता."

"मग तू माझा शिष्य राहिला नसतास," मी म्हणालो, आणि माझ्या मनापेक्षा माझा आवाज अधिक कठोर निघाला. लगेच पुढे म्हटले, "आता रडू नकोस, काम आहे. उद्या सकाळी तुमच्या गावातल्या छापखानेवाल्याला गाठ."

मग मी संध्येला बसलो. काळ टळून गेल्यावर प्रायश्चित्ताचे एक अधिक अर्घ्य द्यावे लागते. ते दिले. एवढ्या वर्षांत ते मला फार थोड्या वेळा द्यावे लागले आहे.

दुसऱ्या दिवशी प्रातःसंध्येनंतर आम्ही नवे नाव शोधायला बसलो. तेच पान, जिथे मी रोज जुने नाव टंकित करीत असे. मी जी नावे सुचवली त्यांतली पहिली बरीचशी कोणी ना कोणी आधीच घेतलेली होती. पुतण्याला लहान नाव हवे होते, मला पाठशाळेची खूण पटणारे हवे होते. शेवटी एक लांबट नाव टंकित केले आणि त्यापुढे हिरवी खूण आली, "उपलब्ध आहे."

"मुहूर्त बघणार का?" सौभाग्यवतींनी विचारले. पंचांग त्यांच्या हातातच होते.

"नाही. आत्ताच घे," मी पुतण्याला म्हणालो. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि नाव नोंदवले. या वेळी माझा स्वतःचा ईमेल दिला, सोबत त्याचा घरचा आणि देवळ्याच्या शिष्याचाही. मुदत मिळेल तेवढी लांबची घेतली.

ध्वनिमुद्रण संगणकात होतेच. दुपारपर्यंत ते नव्या पत्त्यावर चढले. पुतण्याने नवा क्यूआर कोड तयार केला आणि देवळ्याला पाठवला. पौर्णिमेला सकाळच्या एसटीने शिष्य स्वतः चिकटपट्ट्यांचे गठ्ठे घेऊन आला. प्रत्येक चिकटपट्टी अशी कापली होती, की ती जुन्या चौकोनावर बरोबर बसावी आणि खालचे काहीही दिसू नये. तो नमस्काराला वाकला तेव्हा मी त्याला उठवून जवळ घेतले.

"आता हे दान तरी उघड घेणार ना?" सौभाग्यवती म्हणाल्या. "की हेही गुपचूप दाराखालून सरकवायचं?"

"आई, तुमच्यासमोर कसलं गुपित टिकतं?"

ग्रुपवर मी सारे काही स्पष्ट लिहिले. नाव गेले आहे, जुना कोड कोणीही उघडू नये, तिथे उद्या काय दिसेल याची शाश्वती नाही, आणि प्रत्येकाने आपापल्या यजमानांच्या घरी जाऊन चिकटपट्टी स्वतःच्या हाताने लावावी. फोनवर नुसते सांगून भागणार नव्हते. वृद्ध माणसे ऐकून विसरतात, पण पुस्तिका मात्र नेमकी बाहेर काढतात. शिष्य दिवसभर दुचाकींवर फिरले. त्याच दिवशी लिलावाच्या कंपनीमार्फत पुतण्याला परक्या देशातून एक ईमेल आला, की हे नाव विक्रीस आहे, इच्छा असल्यास कळवावे. किंमत वाचून त्याने मला सांगितली नाही, मीही विचारली नाही. उत्तर पाठवायचे नाही एवढे ठरले.

प्रतिपदेला सकाळी नदीवरचे माझे तर्पण आटोपून मी पुतण्याच्या गाडीतून गंगापूर रोडला निघालो. जी घरे शिष्यांच्या वाट्याला आली नव्हती ती माझ्याकडे होती. दुसऱ्याच घरी पोहोचायला मला उशीर झाला होता. यजमान माझ्याहून वयाने थोडे मोठे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. धूतवस्त्र नेसून, पाटावर बसून त्यांनी पुस्तिका उघडली होती आणि त्यांच्या सूनबाईंनी फोन तिच्यावर धरलेला होता. मी दारातूनच म्हणालो, "थांबा, थांबा!"

पण पान उघडले होते. ढोल वाजला नाही. पांढऱ्या पानावर एक निळी पट्टी आणि दोन ओळी इंग्रजी होत्या.

सूनबाईंनी वाचून दाखवले, "हे नाव विकत घेता येईल असं लिहिलंय."

यजमानांनी मान वर केली. "काय हो गुरुजी, पाठशाळा विकायला काढलीत की काय? मला आधी सांगायचं, पीएफचे पैसे पडून आहेत माझे."

मी हसलो. जवळ बसून मी त्यांना थोडक्यात सारे सांगितले, पुस्तिका हातात घेतली आणि जुन्या चौकोनावर नवी चिकटपट्टी लावून चारी कडा अंगठ्याने दाबल्या.

"असू द्या हो ते," यजमान म्हणाले. "तुम्ही साक्षात आलाच आहात, तर फोन कशाला? तुम्हीच सांगा, मी म्हणतो."

"नाही. फोनवरूनच करायचं."

"अहो, पण..."

"मी आज तुमच्याकडे आहे. ज्या घरी मी नाही, तिथे हे चालतंय की नाही, ते मला बघू द्या."

सूनबाईंनी पुन्हा फोन धरला. पान फिरत राहिले. गंगापूर रोडच्या त्या सदनिकेत नेटवर्क मंद होते, आणि तो चक्राकार ठिपका मला थांबलेल्या श्वासासारखा वाटला. मग पाठशाळेचे पान आले आणि माझा आवाज सुरू झाला. आचमन, प्राणायाम, संकल्प. स्वतःचा आवाज परक्या घरात ऐकताना माणसाला संकोच होतो. मी खुर्चीवर न बसता बाजूच्या भिंतीशी खाली बसलो आणि तोंडाने काही म्हणायचे नाही असा निश्चय केला. यजमान आवाजामागे आवाज म्हणत होते, मधे अडखळत होते, आणि एका ठिकाणी त्यांनी गोत्र चुकीचे घेऊन लगेच सुधारले. मला सांगावेसे वाटले, पण मी बोललो नाही.

तीळमिश्रित पाणी अंगठ्याच्या बाजूने ताम्हनात पडू लागले तेव्हा मी हळूच उठलो. सूनबाईंनी खुणेने विचारले, निघालात का? मी बोटाने खालच्या मजल्याची खूण केली. तिथे आणखी दोन घरे होती, आणि ती माणसेही आता स्नान करून पुस्तिका बाहेर काढीत असणार. पुतण्या जिन्यात चिकटपट्ट्यांचा गठ्ठा सोडवून हातात घेऊन उभाच होता.

"चाललं का?" त्याने विचारले.

"चाललं. लिफ्टसाठी थांबू नकोस," मी म्हणालो, आणि कठड्याला धरून जिना उतरू लागलो.